रंगाने दाखविलेली पेशी

रक्ततपासणीच्या अहवालात ‘इओसिनोफिल’ हा शब्द आला की दम्याचा रुग्ण असलेल्या घरात त्यापुढील आकडा काळजीने वाचला जातो. हे नाव ज्यांनी दिले ते पॉल एर्लिक मात्र पेशी मोजून थांबणाऱ्यांपैकी नव्हते. पेशीच्या अंतरंगात काय साठले आहे, याचा त्यांनी शोध घेतला.

१४ मार्च १८५४ रोजी सायलेशियातील श्ट्रेलेन या गावी एका ज्यू कुटुंबात एर्लिक यांचा जन्म झाला. डांबरापासून कृत्रिम रंग बनविण्याचा उद्योग त्या काळी जर्मनीत भरभराटीस येत होता. कापडासाठी बनलेले हे रंग एर्लिक यांनी शरीराच्या पेशींवर वापरून पाहिले. एखादा रंग एकाच घटकाला का चिकटतो, या प्रश्नाने त्यांना झपाटले. १८७८ साली लाइपझिग येथे याच विषयावर प्रबंध लिहून ते डॉक्टर झाले. पुढे बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात काचेवर वाळविलेले रक्त रंगवीत असता काही पांढऱ्या पेशींतील ठसठशीत कण इओसिन हा रंग आवर्जून शोषून घेतात, असे त्यांना आढळले. ग्रीकांच्या उषादेवीवरून ज्याचे नाव पडले त्या रंगावरून १८७९ साली या पेशींचे नामकरण झाले. हे कण म्हणजे पेशीनेच निर्माण करून साठविलेला स्राव होय, असे त्यांचे मत होते.

१८८८ साली क्षयाने गाठल्यामुळे त्यांना हवापालटासाठी इजिप्तला जावे लागले. बरे होऊन परतल्यावर त्यांनी प्रतिकारशक्तीवर केलेल्या कार्यास १९०८ साली नोबेल पारितोषिक लाभले. १९१० साली उपदंशावरील साल्वरसान हे औषध उपलब्ध झाले. २० ऑगस्ट १९१५ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांनी पाहिलेल्या कणांतून १९७० च्या दशकात स्वीडनमधील संशोधकांनी ‘इओसिनोफिल कॅटायॉनिक प्रोटीन’ हे प्रथिन वेगळे केले. ते श्वासनलिकेच्या अस्तराला इजा करते. साहजिकच रक्तातील त्याच्या प्रमाणावरून दम्याची तीव्रता कळेल, अशी आशा निर्माण झाली. ती पुरती फळास आली नाही. परीक्षानळीत रक्त गोठत असतानाही पेशी हे प्रथिन सोडत राहतात. त्यामुळे वेळ व तापमान बदलले की निष्कर्ष बदलतो. शिवाय तीव्र व सौम्य दम्याच्या रुग्णांचे आकडे एकमेकांत मिसळतात. पेशींची साधी मोजणीही निर्णायक नव्हे: जंतांमुळे ती वाढते, स्टिरॉइडमुळे घटते.

तरीही ही मोजणी निरुपयोगी ठरत नाही. इओसिनोफिलांना आवर घालणारे मेपोलिझुमॅब हे औषध रुग्णांची अशी निवड न करता दिले गेले तेव्हा २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दम्याच्या झटक्यांत निश्चित घट दिसली नाही. २००९ साली ब्रिटन व कॅनडातील चाचण्यांत मात्र उपचार घेऊनही ज्यांच्या या पेशी वाढलेल्या राहत, असेच रुग्ण निवडले गेले, आणि त्यांचे झटके स्पष्टपणे कमी झाले. २०१५ साली अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली.

आधी लक्ष्य नेमके ओळखावे, मगच त्यावर औषध योजावे, हीच एर्लिक यांची आयुष्यभराची धारणा होती. अहवालातील आकडा कोणते औषध कोणाला द्यावे हे ठरविण्यास साहाय्य करतो. दुखणे किती गंभीर आहे याचा निवाडा तो एकटा करू शकत नाही. त्यासाठी रुग्णाचा श्वास, त्याची झोप आणि त्याला येणारे झटके यांचीच विचारपूस करावी लागते.