एर्विन पॅनॉफ्स्की : चित्राचा अर्थ शिकविणारा प्राध्यापक

जन्मावरून माणसाची योग्यता ठरविण्याची रीत आपल्या समाजाला ग्रंथांतून शिकावी लागलेली नाही. हीच रीत विसाव्या शतकात युरोपातील एका थोर विद्वानाच्या वाट्याला आली. कला-इतिहासाचे प्राध्यापक एर्विन पॅनॉफ्स्की यांचे चरित्र आम्ही म्हणूनच या स्मरणिकेतून वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पॅनॉफ्स्की यांचा जन्म ३० मार्च १८९२ रोजी जर्मनीतील हॅनोव्हर येथे एका ज्यू कुटुंबात झाला. चित्रकार ड्यूररच्या कलाविचारावरील प्रबंधासाठी १९१४ मध्ये फ्रायबर्ग विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. १९२० मध्ये मायकेलअँजेलोवरील प्रबंधाच्या बळावर त्यांना हॅम्बुर्गच्या नवस्थापित विद्यापीठात अध्यापनाचा अधिकार मिळाला आणि १९२६ मध्ये ते तेथेच प्राध्यापक झाले. आबी वारबुर्ग यांचे समृद्ध ग्रंथालय आणि तत्त्वज्ञ एर्न्स्ट कासिरर यांचा सहवास त्यांना त्याच शहरात लाभला.

चित्र केवळ पाहायचे नसते, त्याचा अर्थ लावायचा असतो, ही त्यांची शिकवण. ती तीन पायऱ्यांची आहे. आपल्या परिचयाचे उदाहरण घेऊ. उजव्या हाताने भूमीला स्पर्श करणारी बैठी मूर्ती दिसते, ही पहिली पायरी. ती संबोधीच्या क्षणीच्या तथागतांची आहे हे कथेच्या ज्ञानामुळे कळते, ही दुसरी. त्या काळच्या समाजाने हाच क्षण का कोरला, त्यातून त्याची कोणती जीवनदृष्टी प्रकटते, हा शोध ही तिसरी.

एप्रिल १९३३ मध्ये नाझी सरकारने कायदा करून ज्यूंना सरकारी सेवेतून दूर केले. पॅनॉफ्स्की तेव्हा न्यूयॉर्क विद्यापीठात पाहुणे प्राध्यापक होते. बडतर्फीची तार त्यांना तेथेच मिळाली. तिच्यावर तारकंपनीची ईस्टरच्या शुभेच्छांची पट्टी चिकटविलेली होती! विद्वत्ता तीच, विद्यार्थी तेच. अपात्र ठरला तो केवळ जन्म.

पॅनॉफ्स्की खचले नाहीत. १९३५ पासून ते प्रिन्स्टनच्या उच्च अध्ययन संस्थेत प्राध्यापक होते. मातृभाषा सोडून त्यांनी इंग्रजीत ग्रंथरचना केली. प्रतिमाशास्त्रावरील १९३९ चा ग्रंथ, ड्यूररवरील १९४३ चा आणि प्राचीन नेदरलँडी चित्रकलेवरील १९५३ चा ग्रंथ आजही अभ्यासले जातात. अमेरिकेत कला-इतिहासाचे अध्यापन रुजविणाऱ्यांत त्यांचे स्थान अग्रणी आहे. १४ मार्च १९६८ रोजी प्रिन्स्टन येथे त्यांचे निधन झाले.

मायकेलअँजेलोवरील त्यांचा तो प्रबंध हरवला असेच सर्वांनी मानले होते. २०१२ मध्ये त्याचे हस्तलिखित म्युनिकमधील कला-इतिहास संस्थेच्या तिजोरीत सापडले आणि २०१४ मध्ये ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्यांना पदावरून हटविणारी राजवट बारा वर्षांत लयास गेली; त्यांचे अक्षर मात्र टिकले. आपल्या मुलामुलींनी पुस्तक हाती घेताना एवढे ध्यानी ठेवावे, अशी आमची अपेक्षा आहे.