बाप्तिस्म्यानंतरचा शोध

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की शारदा सदन, केडगावचे मुक्ती मिशन आणि धर्मांतरावरून उठलेले वादळ आठवते. मात्र १८८३ मध्ये घेतलेल्या बाप्तिस्म्याने त्यांचा धर्मशोध संपला नव्हता. पापक्षालन नेमके कशाने होते, हा प्रश्न त्यानंतरही आठ वर्षे त्यांच्या मनात सलत राहिला.

या प्रश्नाचे मूळ त्यांच्या बालपणात होते. २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवून सनातन्यांचा रोष ओढवून घेतला होता. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थक्षेत्रे फिरू लागले. नद्यांतील स्नाने, उपवास, जप आणि ब्राह्मणांना दान यांतच सारे द्रव्य खर्ची पडले. दुष्काळ आला तेव्हा हाती काहीच उरले नव्हते. आई, वडील आणि थोरली बहीण पाठोपाठ निवर्तली.

श्रीनिवास आणि रमा या भावंडांनी उपाशीपोटी हजारो मैलांची पायपीट केली. हिमालयातील एका सरोवरात पुण्यवान यात्रेकरूंकडे आपोआप तरंगत येणारे डोंगर आहेत, अशी ख्याती होती. पाण्यात मगरी असल्याची भीती घातली जात असतानाही श्रीनिवास पोहत गेला. ते डोंगर म्हणजे तरंगणारे मातीचे ढीग निघाले आणि दक्षिणा मिळताच ते मागून ढकलले जात होते. भावंडांच्या श्रद्धेला तेथे तडा गेला.

१८७८ मध्ये कलकत्त्यात रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या. तेथे धर्मग्रंथ अधिक खोलवर वाचताना त्यांना दिसले, की स्त्रिया आणि शूद्र यांना मोक्षाची वाट जवळजवळ बंदच आहे. १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी यांचे निधन झाले. पुण्यात आर्य महिला समाज स्थापून १८८३ मध्ये त्या लहानग्या मनोरमेसह इंग्लंडला गेल्या. लंडनमध्ये, समाजाने टाकलेल्या स्त्रियांची ममतेने शुश्रूषा करणाऱ्या जोगिणी त्यांनी पाहिल्या. या ममतेचे मूळ येशू आणि शोमरोनी स्त्रीच्या कथेत आहे, असे त्यांना कळले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

पण तेथेही विधी होते, श्रद्धासूत्रे होती आणि धर्मगुरूंची आज्ञा होती. ती निमूटपणे मानणे रमाबाईंना जमले नाही आणि वाँटेजच्या जोगिणींशी त्यांचे दीर्घ वाद झाले. त्याहून मोठी खंत मनातली होती. पूर्वी स्नाने आणि व्रते केली, आता उपासना आणि संस्कार पाळले, तरी पापाचे ओझे उतरले नाही. अमेरिकेहून परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले. या सत्कार्यानेही मनाला स्वस्थता आली नाही.

१८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. स्वतः धर्मोपदेशक असूनही आपल्याला विश्वासाचा खरा अनुभव फार उशिरा आला, अशी त्याची कबुली होती. रमाबाईंना त्यात आपलेच चित्र दिसले. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळालाच नाही, हे त्यांनी ओळखले. क्षमा कमवायची नसते. ती ख्रिस्तावरील विश्वासाने विनामूल्य स्वीकारायची असते, या निष्कर्षाला त्या पोहोचल्या. त्यात जात, लिंग किंवा दक्षिणा यांची अट नव्हती.

या विश्वासाची किंमत त्यांना मोजावी लागली. सदनात धर्माबाबत तटस्थता पाळण्याचे आश्वासन होते. रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली येऊन बसू लागल्या, तेव्हा पालक बिथरले. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली आणि १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक मुली घरी नेण्यात आल्या. आश्वासन मोडले, हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नव्हता. मात्र दार लावून प्रार्थना करणे रमाबाईंना मान्य नव्हते.

१८९६ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी निराधार मुली केडगावला आणल्या. कष्ट पूर्वीइतकेच होते, पण आता त्यांतून पुण्य जोडायचे नव्हते. लाभलेल्या क्षमेची ती कृतज्ञता होती. सामान्य बायकांनाही वाचता यावे म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर हाती घेतले. १९२१ मध्ये मनोरमेचा मृत्यू झाला, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे रमाबाईंचे निधन झाले. त्यांचे मराठी बायबल मुक्तीच्याच छापखान्यात, तेथील स्त्रियांच्या हातून छापले गेले.