लू गेरिग : आजाराला नाव मिळेपर्यंत

अमेरिकेतील सर्वसामान्य माणूस ज्या व्याधीला ‘लू गेरिगचा आजार’ म्हणतो, तिचे वैद्यकीय नाव अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरॉसिस, अर्थात एएलएस. जानेवारी २००१ मध्ये मुंबईत आलेल्या स्टीफन हॉकिंग यांना चाकांच्या खुर्चीत ज्यांनी पाहिले, त्यांना या व्याधीचे रूप ठाऊक आहे. पण तिला ज्याचे नाव मिळाले तो बेसबॉलपटू आपल्याकडे फारसा परिचित नाही आणि निदानासाठी त्याच्या पत्नीने केलेली धडपड तर त्याहूनही कमी.

हेन्री लुई गेरिगचा जन्म १९ जून १९०३ रोजी न्यूयॉर्कमध्ये, जर्मनीतून आलेल्या गरीब दांपत्याच्या पोटी झाला. चार अपत्यांपैकी तो एकटाच जगला. स्वयंपाकाची आणि कपडे धुण्याची कामे करून आईने संसार ओढला. मुलाने अभियंता व्हावे ही तिची इच्छा होती. तो कोलंबिया विद्यापीठात गेलाही, पण १९२३ मध्ये ‘न्यूयॉर्क यांकीज’ संघाने त्याला करारबद्ध केले. १ जून १९२५ पासून तो रोज मैदानात उतरू लागला आणि पुढली चौदा वर्षे एकही सामना चुकला नाही. बोटे मोडली, पाठ धरली, तरी तो खेळला. सलग २१३० सामन्यांचा हा विक्रम थेट १९९५ मध्ये कॅल रिपकेन याने मोडला.

आजार लक्षात यायला उशीर झाला तो बहुधा याच सवयीमुळे. दुखणे अंगावर काढणे हाच ज्याचा लौकिक, त्याचे दुखणे कोण मनावर घेणार? १९३८ च्या हंगामात त्याची फलंदाजी किंचित घसरली. इतरांच्या मानाने ती उत्तमच होती, म्हणून वाढत्या वयाकडे बोट दाखवून सारे मोकळे झाले. वैद्यांनी पित्ताशयाचा विकार ठरवून पथ्याचे खाणे दिले. गेरिगने स्वतः उपाय काढला तो अधिक सरावाचा. ज्या व्याधीत स्नायूंना आज्ञा पोहोचवणाऱ्या चेतापेशीच मरत जातात, तिथे व्यायामाने गेलेली ताकद परत येणार कशी!

एलिनॉर ही शिकागोची. १९३३ मध्ये त्यांचा विवाह झाला होता. पतीच्या हातून वस्तू निसटतात, पदपथाच्या कडेला तो अडखळतो, बर्फावरच्या स्केटिंगमध्ये वारंवार पडतो, हे तिने घरात पाहिले. मेंदूत गाठ असावी, अशी धास्ती तिला वाटू लागली. इकडे १९३९ च्या हंगामातील पहिल्या आठ सामन्यांत त्याला २८ संधींत अवघे ४ यशस्वी फटके मारता आले. ३० एप्रिलला एक अगदी साधा चेंडू त्याने अडवला आणि सहकाऱ्यांनी धावत येऊन त्याचे कौतुक केले. ते कौतुकच त्याला लागले. २ मे रोजी डेट्रॉइटमध्ये त्याने प्रशिक्षक जो मॅकार्थी यांना आपणहून सांगितले आणि तो संघाबाहेर बसला.

जूनमध्ये एलिनॉरने मिनेसोटा राज्यातील रोचेस्टर येथील मेयो क्लिनिकशी दूरध्वनीवरून संपर्क साधला. गेरिग १३ जूनला तेथे पोहोचला. डॉ. हॅरॉल्ड हॅबेन यांनी त्याची फरफटत पडणारी पावले आणि हाताचे झिजलेले स्नायू पाहिले आणि त्यांना मनोमन उमगले. त्यांची स्वतःची आई याच व्याधीने गेली होती. तरीही सहा दिवस तपासण्या चालल्या. कारण या व्याधीचा निर्वाळा देणारी एकच एक चाचणी तेव्हा नव्हती आणि आजही नाही. स्नायू झिजलेले असताना प्रतिक्षिप्त क्रिया मात्र तीव्र, आणि स्पर्शज्ञान शाबूत, ही विसंगती टिपायची व बाकीचे आजार एकेक करून वगळायचे, हीच पद्धत. फ्रेंच चिकित्सक शार्को यांनी एकोणिसाव्या शतकात या व्याधीचे वर्णन केले, त्या पायावरच आजचे निदान उभे आहे. आजही पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत बहुधा वर्षभराचा काळ जातो.

१९ जूनला, छत्तिसाव्या वाढदिवशी, गेरिगला आजाराचे नाव कळले. मात्र सारे सत्य त्याला सांगू नये, असे एलिनॉरने डॉक्टरांना विनवले होते. प्रकृती आहे तशीच टिकून राहण्याची शक्यता निम्मी आहे, अशी त्याची समजूत करून देण्यात आली. तो किती उमजून होता, यावर चरित्रकारांत एकमत नाही. आपल्याकडे अनेक घरांत आजही हेच घडते, तेव्हा तिला दोष देणे सोपे नाही.

क्लिनिकच्या निवेदनात लोकांना समजावे म्हणून या व्याधीला जुनाट पोलिओचा एक प्रकार म्हटले गेले. त्या एका शब्दाने पुढे घोटाळा केला. १९४० मध्ये यांकीज हरू लागले, तेव्हा संघाला गेरिगपासून पोलिओची लागण झाल्याचा तर्क एका वृत्तपत्राने छापला. ही व्याधी संसर्गजन्य मुळीच नाही. गेरिगने दावा ठोकला आणि वृत्तपत्राला दिलगिरी व्यक्त करावी लागली.

४ जुलै १९३९ रोजी यांकी स्टेडियमवर ६० हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर त्याने निरोपाचे भाषण केले. त्यात तक्रारीचा सूर नव्हता. त्याचा ४ हा क्रमांक संघाने कायमचा निवृत्त केला. असा मान मिळालेला तो पहिलाच बेसबॉलपटू. जानेवारी १९४० पासून त्याने न्यूयॉर्क शहराच्या पॅरोल आयोगावर काम केले. जीवनसत्त्वांची इंजेक्शने चालू होती, गुण येत नव्हता. सरकारी कागदांवर सही करायची वेळ आली की एलिनॉर त्याचा हात धरून लेखणी चालवी.

२ जून १९४१ रोजी राहत्या घरी त्याचे निधन झाले. तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. एलिनॉरने पुनर्विवाह केला नाही. या व्याधीवरील संशोधनाला पाठबळ देत ती १९८४ पर्यंत जगली.