संत तेरेजा व आविला येथील लहान मठ



धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं, देवाचें घर उभारतांना किती सोसावें लागतें हें ज्यांनीं स्वतः अनुभविलें, त्या संत तेरेजा यांचें स्मरण करणें उचित होय.

स्पेन देशांतील आविला शहरीं 28 मार्च 1515 रोजीं त्यांचा जन्म झाला. 1535 सालीं त्या तेथील कार्मेल संघाच्या मठांत गेल्या. पुढें त्या मठांत भगिनींची गर्दी फार झाली व मूळचे कडक नियम शिथिल पडले. यास्तव थोड्या भगिनींकरितां एक लहान, दरिद्री मठ स्थापावा, अशी प्रेरणा त्यांस झाली.

प्रांताच्या वरिष्ठांनीं प्रथम संमति दिली. परंतु शहरांत गवगवा होतांच ती परत घेतली. घराची खरेदी तेथेंच थांबली. तेरेजा यांनीं वाद घातला नाहीं. कांहीं महिने त्या स्वस्थ राहिल्या. नंतर आपल्या आत्मिक गुरूंच्या अनुमतीनें त्यांनीं पुनः प्रयत्न आरंभिला. घर मेहुण्याच्या नांवें घेतलें. परमगुरुस्वामींकडे अर्ज दोना गियोमार नामक विधवा मैत्रिणीच्या व तिच्या मातेच्या नांवें गेला. उभारलेली एक भिंत कोसळली, ती पुनः बांधविली. पैसा पुरेना, तों दक्षिण अमेरिकेंतून बंधु लोरेन्सो यांनीं रक्कम धाडिली.

1562 सालच्या जुलै महिन्यांत रोमचें परवानगीपत्र हातीं आलें. महागुरुस्वामी मेंदोसा प्रथम नाखूष होते. परंतु संत पेद्रो आल्कान्तारा यांच्या शब्दास मान देऊन त्यांनीं मठ आपल्या छत्राखालीं घेतला. 24 ऑगस्ट रोजीं तेथें पवित्र साक्रामेंताची स्थापना झाली व चार कुमारिकांस व्रतवस्त्र मिळालें.

तो आनंद कांहीं तासच टिकला. प्रांताच्या वरिष्ठांस न कळवितां आपण हें केलें, हा आज्ञाभंग तर नव्हे ना, या शंकेनें त्या व्याकूळ झाल्या. इतक्यांत जुन्या मठाच्या अध्यक्षिणीचें बोलावणें आलें. त्या निमूटपणें परत गेल्या. इकडे नगरसभेनें आक्षेप घेतला: शहराची परवानगी घेतलेली नाहीं, ठराविक उत्पन्नावांचून मठाचा भार लोकांवर पडेल, इमारतीमुळें कारंज्यांच्या पाण्यास बाध येईल. सभेंत दोमिनिकन संघाचे धर्मगुरु बान्येझ यांनीं धैर्यानें मठाची बाजू मांडिली. फिर्याद राजदरबारापर्यंत गेली. पण हळूहळू विरोध मावळला. कांहीं महिन्यांनीं प्रांताच्या त्याच वरिष्ठांनीं परवानगी दिली, व तेरेजा आपल्या लहान घरीं परतल्या.

4 ऑक्टोबर 1582 रोजीं त्या देवाघरीं गेल्या. ज्यांचें पवित्र शरीर गोव्यांत आहे, त्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्यासमवेत 12 मार्च 1622 रोजीं त्यांस संतपद प्राप्त झालें.

बांधवहो, परवानगी अडली म्हणून त्यांनीं कार्य टाकिलें नाहीं, आणि कार्य देवाचें म्हणून वरिष्ठांचें बोलावणें झिडकारिलें नाहीं. आपल्या मंदिराच्या भिंतींकडे पाहतांना हें आपण ध्यानीं धरूं या.