उच्छ्वासातून श्वास घडविणारे हेन्री फ्लूस

सेव्हर्न नदीखालून रेल्वेचा बोगदा खणण्याचे काम ऑक्टोबर १८७९ मध्ये अचानक थांबले. खडकातून फुटलेल्या प्रचंड झऱ्याने बोगदा पाण्याने भरून गेला. आतला एक लोखंडी दरवाजा उघडाच राहिल्याने पाण्याचा उपसा होईना. तो बंद करायचा तर काळोख्या पाण्यातून सुमारे हजार फूट आत जावे लागणार होते. हवेची नळी मागे ओढत निघालेला पाणबुड्या त्या नळीच्याच ओझ्याने अडू लागला. या पेचातून वाट काढली ती हेन्री फ्लूस यांच्या यंत्राने.

फ्लूस यांचा जन्म १८५१ चा. व्यापारी जहाजावर अधिकारी असताना त्यांनी हवेच्या नळीवाचून पाण्याखाली राहण्याचा ध्यास घेतला. आपल्या उच्छ्वासात सुमारे १६ टक्के प्राणवायू शिल्लक असतो. मात्र तोच उच्छ्वास पुन्हा घेत राहिल्यास त्यात साचत जाणारा कार्बन डायऑक्साइड आधी धाप लावतो, मग शुद्ध हरपतो. हा वायू शोषून घ्यावा आणि खर्ची पडलेला प्राणवायू टाकीतून भरून काढावा, ही फ्लूस यांची कल्पना. १८७८ मध्ये त्यांनी तिचे पेटंट घेतले. शोषणासाठी त्यांनी कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात भिजविलेले दोराचे धागे वापरले. धाग्यांमुळे द्रावणाचा हवेशी संपर्क वाढे.

सेव्हर्नच्या बोगद्यात फ्लूस स्वतः उतरले, पण ते मुरलेले पाणबुडे नव्हते. माघार घेऊन त्यांनी आपले यंत्र अलेक्झांडर लँबर्ट यांच्या हाती दिले. नोव्हेंबर १८८० मध्ये लँबर्ट यांनी दुसऱ्या खेपेस तो दरवाजा बंद केला. पुढे खाणींतील बचावपथकांनाही या यंत्राचा आधार मिळाला.

मात्र कॉस्टिक पोटॅश जेवढे तत्पर, तेवढेच दाहक. यंत्रात पाणी शिरले आणि ते द्रावण श्वासनलिकेकडे आले, तर तोंड व घसा भाजून निघतो. जीव राखणारा पदार्थच जिवावर उठावा, असा हा धोका. विसाव्या शतकाच्या आरंभी रॉबर्ट डेव्हिस यांच्यासह तयार झालेल्या ‘प्रोटो’ यंत्रातही सुरुवातीला श्वासाच्या पिशवीत कॉस्टिक सोड्याच्या कांड्याच असत. नंतर त्यांची जागा दाणेदार शोषकाने घेतली.

आज पाणबुडे प्रामुख्याने सोडा लाइम वापरतात. त्यात मुख्य भाग विरी गेलेल्या चुन्याचा, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा. कॉस्टिक सोडा अगदी थोडा आणि ओलावा बेताचा. हा ओलावा नसेल तर वायू शोषला जात नाही. दाणे फार मोठे असले तर वायू न शोषताच निसटतो. फार बारीक असले तर श्वासाला अडथळा होतो आणि दाहक धूळ फुफ्फुसात जाण्याची भीती असते. डब्याचा धातूही पारखून घ्यावा लागतो, कारण कॉस्टिक द्रावण अ‍ॅल्युमिनियमला खाते. लिथियम हायड्रॉक्साइड वजनाने हलके म्हणून अवकाशयानांत वापरले गेले. पाण्याशी गाठ असलेल्या पाणबुड्याला मात्र ते अधिक दाहक ठरते.

फ्लूस १९३३ मध्ये निवर्तले. त्यांचे पोटॅशचे धागे मागे पडले, मूळ रचना मात्र टिकून आहे. केवळ वायू शोषणारा पदार्थ पुरेसा नसतो. यंत्रात पाणी शिरले तरी जो श्वास घेणाऱ्याला कमीत कमी इजा करील तोच निवडावा, हा धडा त्यांच्यानंतरच्या पिढ्यांनी त्या रचनेत घातला.