जोतीरावांचा पाण्याचा पाठ

सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्यात पाऊस अक्षरशः कोसळतो. परंतु त्याच डोंगराच्या पूर्वेस काही कोसांवर चैत्र-वैशाखात विहिरी कोरड्या पडतात आणि घागरभर पाण्यासाठी माणसांना वणवण करावी लागते. ह्या दुःखाचे कारण ओळखून त्यावरील उपाय खेड्यापाड्यांतील लोकांना समजावून सांगणारे एक थोर पुरुष एकोणिसाव्या शतकात पुण्यास होऊन गेले. ते म्हणजे महात्मा जोतीराव फुले.

जोतीरावांचा जन्म इ. स. १८२७ साली झाला. त्यांचे वडील गोविंदराव फुलांचा व भाजीपाल्याचा व्यवसाय करीत. जोतीरावांची शाळा मध्येच सुटली आणि काही काळ ते वडिलांच्या मळ्यात राबले. मातीची आणि पाण्याची खरी ओळख त्यांना तेथेच झाली. पुढे त्यांनी पुन्हा शिक्षण घेतले आणि इ. स. १८४८ मध्ये पुण्यात मुलींसाठी शाळा काढली. त्यांच्या पत्नी सावित्रीबाई ह्या मुलींना शिकवू लागल्या. दिवसभर कष्ट करणाऱ्या प्रौढांनाही अक्षरओळख व्हावी, म्हणून इ. स. १८५५ मध्ये ह्या दांपत्याने रात्रीची शाळा सुरू केली.

पाण्याविषयीचा त्यांचा पहिला मोठा पाठ मात्र शाळेत झाला नाही. तो घराच्या अंगणात झाला. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या लोकांना सार्वजनिक पाणवठ्यावर पाणी भरू देत नसत. भर उन्हात कोणी दया येऊन वरून पाणी ओतील, तेव्हाच त्यांची तहान भागे. जोतीरावांना हा अन्याय सहन होईना. इ. स. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा हौद ह्या बांधवांसाठी खुला केला. पाणी सर्वांचे आहे, हे त्यांनी आधी आपल्या कृतीने दाखविले आणि मगच लोकांना सांगितले.

इ. स. १८७६-७७ मध्ये दख्खनवर भीषण दुष्काळ पडला. माणसे घरेदारे सोडून अन्नाच्या शोधात निघाली. कित्येक मुले अनाथ झाली. जोतीरावांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळ धनकवडी येथे अशा मुलांच्या अन्नाची व निवाऱ्याची सोय केली. उपाशी मुलांना भाकरी देणे तर आवश्यकच होते. पण पुढच्या वर्षी पुन्हा पाऊस हुलकावणी देऊन गेला तर काय करावयाचे, हा प्रश्न त्यांच्या मनातून जाईना.

ह्या चिंतनाचे फळ म्हणजे त्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ. तो इ. स. १८८३ मध्ये लिहून पूर्ण झाला. शेतकरी दरिद्री का झाला, ह्याचा विचार करताना त्यांनी पावसाच्या पाण्याचा प्रवास बारकाईने न्याहाळला. डोंगरावरचा पालापाचोळा कुजतो, किडामुंगी मरून मातीत मिसळते आणि त्यांचे उत्तम खत होते. मुसळधार पावसाच्या लोंढ्याबरोबर हे खत आणि सुपीक माती ओढ्यानाल्यांना मिळते व तेथून नदीत जाते. अशा रीतीने एकाच लोंढ्यात शेतकऱ्याचे पाणीही जाते आणि जमिनीचा कसही जातो.

ह्यावर जोतीरावांनी सोपे उपाय सुचविले. डोंगरउतारावर आणि दऱ्याखोऱ्यांत जागोजाग ताली व बंधारे घालावे, म्हणजे धावणारे पाणी थांबेल. थांबलेले पाणी आधी शेतात मुरेल आणि उरलेले मग ओढ्यास व नदीस मिळेल. ह्या कामी सरकारने आपल्या फौजेतील व पोलिसांतील मनुष्यबळ लावावे. तळ्यांतील गाळ शेतकऱ्यांना फुकट नेऊ द्यावा. जमिनीखालचे झरे अचूक सांगणाऱ्या पाणाड्यांना बक्षिसे द्यावी. शेतकऱ्यांना नवे ज्ञान मिळावे म्हणून दरवर्षी प्रदर्शने भरवावी, पिकांच्या व औत हाकण्याच्या परीक्षा घ्याव्या आणि उत्तम शेतकऱ्यांचा गौरव करावा, असेही त्यांनी सुचविले.

परंतु एक मोठी अडचण होती. हा ग्रंथ ज्यांच्यासाठी लिहिला, त्यांच्यातील बहुतेकांना वाचताच येत नव्हते. शिवाय त्याची पहिली दोनच प्रकरणे तेव्हा वृत्तपत्रात छापून आली आणि पुढची छपाई थांबली. दुसरा कोणी असता तर निराश होऊन बसला असता. जोतीरावांनी आपले हस्तलिखित उचलले आणि ते स्वतः लोकांकडे निघाले. हडपसर, जुन्नर, ओतूर, ठाणे, मुंबई अशा ठिकाणच्या लोकांनी त्यांना आमंत्रणे केली आणि त्यांनी तेथे जाऊन आपला ग्रंथ वाचून दाखविला. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांनीही तो ऐकला.  

इ. स. १८८८ मध्ये मुंबईच्या जनतेने जोतीरावांना महात्मा ही पदवी अर्पण केली. इ. स. १८९० मध्ये त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या पुष्कळशा सूचना त्यांच्या हयातीत कागदावरच राहिल्या. पुढे मात्र महाराष्ट्रातील अनेक गावांनी हीच वाट धरली. लहानथोर माणसे कुदळ, फावडे व घमेली घेऊन माळावर जमली. त्यांनी श्रमदानाने चर खोदले आणि बांध घातले.

मुलांनो, पहिला पाऊस पडेल तेव्हा आपल्या अंगणातले किंवा शाळेच्या पटांगणातले पाणी कोणत्या वाटेने जाते, ते जरा निरखून पाहा. ते गढूळ होऊन धावत असेल, तर आपल्या भूमीची माती त्याच्याबरोबर चालली आहे, असे समजा. मग चार मित्र जमवा, घरच्या वडीलमंडळींना बोलवा आणि त्या पाण्याला कोठे थांबविता येईल, ह्याचा सर्वांनी मिळून विचार करा. जोतीरावांनी सुरू केलेला पाठ तेथूनच पुढे चालू होईल.