गुरू गोविंदसिंगजी

नांदेडला गोदाकाठचा सचखंड गुरुद्वारा तुम्ही पाहिला असेल. त्याचा सोनेरी कळस सगळेच बघतात, पण त्या गुरूंचं दुःख मला तरी पूर्वी ठाऊक नव्हतं.

त्यांचा जन्म 1666 साली पाटण्याला झाला. 9 वर्षांचेही झाले नव्हते तेव्हा वडील गुरू तेगबहादूर यांचा दिल्लीत शिरच्छेद झाला. पुढे 1705 च्या सुमारास आठवडाभरात चारही मुलं गेली. थोरले दोघे चमकौरच्या लढाईत पडले. धाकटे दोघे आपल्या पहिली-चौथीतल्या पोरांएवढे. त्यांना सरहिंदला भिंतीत चिणलं. गुरूंची आईही तेव्हाच वारली. एवढं झाल्यावर माणूस कशासाठी जगेल? मी तर हातपाय गाळले असते.

गुरूंनी काम धरलं. औरंगजेबाला जाब विचारणारं पत्र फारसी कवितेत धाडलं. दमदमा इथे बसून ग्रंथसाहिब पुन्हा लिहवून घेतला, त्यात वडिलांच्या रचना घातल्या, असं सांगतात. 1708 मध्ये ते नांदेडला आले. इथेच माधोदास बैराग्याला शिष्य केलं. तोच बंदा बहादूर. मग मारेकऱ्याने त्यांना भोसकलं. जाण्याआधी त्यांनी ग्रंथालाच गुरू केलं. तेव्हा वयाची 42 वर्षंसुद्धा पुरी झाली नव्हती.